मॅमथच्या सुळ्याचे कानातले

मी जे कानातले आणि पेंडंट बनवते ते मॅमथच्या, म्हणजे हत्तीच्या नामशेष झालेल्या केसाळ नातेवाइकाच्या सुळ्याचे असतात, कधीकधी वॉलरसच्या, म्हणजे उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या सुळेवाल्या प्राण्याच्या खूप जुन्या सुळ्याचे, आणि हे नुसतं सांगितलं तरी समोरच्याच्या कपाळावर आठी येते, कारण आयव्हरी, म्हणजे सुळ्याचा पदार्थ, म्हटलं की आपल्याला हत्ती आठवतो आणि हत्ती आठवला की त्याची शिकार. ती आठी मला आवडते खरं तर. यायलाच पाहिजे. ज्याला आयव्हरी बघून काहीच प्रश्न पडत नाही त्याला विकताना मला जास्त अवघडल्यासारखं होतं. तर आज सविस्तर लिहितेय, कोरायला कसं शिकले, काय काय लागतं, विकताना काय सांभाळावं लागतं, आणि हातात आलेला तुकडा कुठून आला हे माहीत असणं मी कोरण्याइतकंच महत्त्वाचं का मानते.

मी अलास्कात राहते, अँकरेजला. इथे मॅमथ म्हणजे काही फक्त पुस्तकातला प्राणी नाही, १९८६ पासून तो राज्याचा अधिकृत जीवाश्म आहे, आणि नदीचा काठ ढासळला किंवा सोन्याच्या खाणीत गोठलेला गाळ पाण्याच्या फवाऱ्याने वितळवला की अजूनही सुळे बाहेर येतात. मुख्य भूमीवरचे मॅमथ साधारण दहा हजार वर्षांपूर्वी संपले, अलास्काच्या सेंट पॉल बेटावर त्यांचा एक छोटा कळप त्यानंतरही टिकून होता, तो सुमारे ५६०० वर्षांपूर्वीपर्यंत, आणि रशियाच्या रँगेल बेटावर तर जवळपास चार हजार वर्षांपूर्वीपर्यंत. म्हणजे इजिप्तचे पिरॅमिड बांधून झाले तेव्हा कुठेतरी मॅमथ चरत होते. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा हातातला तुकडा खाली ठेवून जरा वेळ नुसती बसले होते.

मातीतून निघालेल्या अशा सुळ्याला फॉसिल आयव्हरी म्हणतात म्हणून लोकांना वाटतं दगड झालेला असेल. तसं नाही. पर्माफ्रॉस्टमध्ये, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीत, सुळा पडून राहिला की तो कुजत नाही, त्यातलं दंतद्रव्य बरंचसं तसंच राहतं, फक्त मातीतली खनिजं हळूहळू आत शिरतात. लोहाने तो चहासारखा तपकिरी होतो, कधी अगदी काळपट. आणि कधीकधी निळा. हा निळा रंग व्हिव्हियानाइट नावाच्या खनिजाचा, लोह आणि फॉस्फेट एकत्र येऊन बनतं ते, जमिनीत असताना जवळपास रंगहीन असतं आणि हवा लागली की निळं पडत जातं. निळी झाक असलेला तुकडा मिळाला की मी तो लगेच कापत नाही, आधी टेबलावर ठेवून येताजाता बघत राहते, कारण रंग कुठल्या थरात किती खोल गेलाय हे बाहेरून कळत नाही आणि घासताना तो एका मिनिटात निघूनही जाऊ शकतो.

वॉलरसचा सुळा वेगळा. तो आडवा कापला की बाहेर गुळगुळीत थर दिसतो आणि मध्ये एक अर्धपारदर्शक गाभा, गोळे गोळे एकमेकात मुरल्यासारखा, अगदी साबुदाण्याच्या खिचडीसारखा. एकदा तो गाभा बघितला की पुन्हा कधी वॉलरस ओळखायला चुकणार नाही, कारण हत्तीत किंवा मॅमथमध्ये असा गाभा नसतो. जुना वॉलरस शेकडो किंवा हजार-दोन हजार वर्षं मातीत राहिलेला असतो आणि त्याचे रंग मॅमथपेक्षाही देखणे असतात, मध, दालचिनी, कधी धुरकट राखाडी.

आता कायद्याचं, कारण त्याशिवाय पुढचं काही लिहिण्यात अर्थ नाही. अमेरिकेत १९७२ चा सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्यानुसार नव्या वॉलरसच्या सुळ्यावर कोरकाम करून विकायचा हक्क फक्त अलास्काच्या मूळ रहिवाशांना आहे, म्हणजे युपिक, इन्युपियाक वगैरे समाजाच्या लोकांना, आणि तो हक्क त्यांचाच असला पाहिजे असं माझंही मत आहे, कारण ते वॉलरस खाण्यासाठी मारतात, कातडं वापरतात, सुळा हा त्यातलाच एक भाग. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाने नव्या सुळ्याला हात लावायचा नाही. जुना, मातीतून निघालेला सुळा मात्र कायदेशीर मार्गाने आलेला असेल तर विकत घेऊन कोरता येतो. इथेही पोटनियम आहेत. समुद्रकिनाऱ्यावर फिरताना सापडलेला सुळा तुम्ही ठेवू शकता, पण तीस दिवसात वन्यजीव खात्याकडे नोंदवावा लागतो आणि तो विकता येत नाही, म्हणजे त्याचे कानातले करून स्टॉलवर मांडणंही नाहीच. सरकारी जमिनीवरून मॅमथचा सुळा परवान्याशिवाय उचलणं गुन्हा आहे, मग तो कितीही नदीत वाहून चाललेला दिसो. त्यामुळे मी घेते तो माल खाजगी जमिनीवरचा, पावती आणि कुठे सापडला त्याची लेखी माहिती असलेला. विकणारा म्हणाला की अहो कागद कशाला, माल बघा ना, तर मी तिथून निघते.

जुन्या वॉलरसचा बराचसा माल सेंट लॉरेन्स बेटावरून येतो. हे बेट बेरिंग समुद्रात आहे, रशियाचा चुकोटका किनारा तिथून साधारण साठ किलोमीटर, आणि दोनच गावं, गॅम्बेल आणि सव्हूंगा. तिथले लोक बेटाला सिवुकाक म्हणतात. मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या हक्कांबद्दलच्या १९७१ च्या कायद्यानंतर तिथल्या लोकांनी इतर फायदे सोडून अख्ख्या बेटाची मालकी घेतली, त्यामुळे जमीन त्यांची, आणि जुन्या वस्त्यांच्या जागी खणून सुळे, हाडं, हत्यारं काढून विकायचा हक्कही त्यांचा. उन्हाळ्यात कुटुंबच्या कुटुंब खणायला जातात. यावर पुरातत्त्ववाल्यांचं म्हणणं अगदी वेगळं आहे, त्यांच्या मते प्रत्येक खड्ड्यासोबत इतिहासाचं पान फाटतंय, आणि गॅम्बेलच्या जुन्या जागांना जो राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा होता तो या खणण्यामुळेच १९८९ साली काढून घेण्यात आला.

मी यावर खूप विचार केला आणि अजूनही करते. बेटावर नोकऱ्या कमी, विमानाने येणारं सामान महाग, आणि जे निघतं ते त्यांच्याच पूर्वजांनी टाकलेलं किंवा ठेवलेलं, तर त्यांनी काय करावं हे मी अँकरेजच्या गरम घरात बसून सांगणार नाही. पण मी काय कापावं हे तर मीच ठरवणार ना. म्हणून माझा नियम असा की ज्या तुकड्यावर माणसाच्या हाताची खूण आहे, भोक आहे, खाच आहे, कोरलेली रेघ आहे, दोरीने झिजलेली कड आहे, तो मी कापत नाही. बाजारात जुन्या स्लेजच्या, म्हणजे बर्फावरून ओढायच्या गाडीच्या, पट्ट्या मिळतात, वॉलरसच्या सुळ्याच्या, खालून घासून सपाट झालेल्या, आणि कोरणारे त्या सर्रास वापरतात कारण त्या सरळ आणि लांब असतात, रंगही सुंदर चढलेला असतो, पण कोणीतरी त्या बर्फावरून ओढल्यात, मी नाही कापू शकत. माझ्याकडे येतात ते मोडलेली टोकं, काहीच काम न झालेले ढलपे, आणि मॅमथ. मॅमथला हा प्रश्न बहुतेक वेळा नसतोच, म्हणून माझं बरंचसं काम मॅमथमध्ये.

ज्यांच्याकडे मी शिकले ते सव्हूंगात वाढलेले, आता अँकरेजला मुलीकडे राहतात. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणते. त्यांनी लहानपणी वडिलांना धनुष्याच्या ड्रिलने भोकं पाडताना बघितलंय, म्हणजे दातात एक टेकू धरायचा, त्यात ड्रिलचा दांडा अडकवायचा आणि धनुष्याची दोरी दांड्याला गुंडाळून धनुष्य पुढेमागे ओढायचं. स्वतः ते इलेक्ट्रिक वापरतात आणि त्यात त्यांना काहीही कमीपणा वाटत नाही. त्यांनी मला सुरुवातीला काही कोरायलाच दिलं नाही, एक मूठभर ढलपे दिले आणि म्हणाले, ओले कर, उन्हात धर, सांग कुठला भाग बाहेरचा, कुठला आतला, टोक कुठल्या बाजूला होतं. सगळा हिवाळा मी हेच करत होते असं म्हटलं तरी चालेल. आज मला वाटतं सगळ्यात उपयोगी शिक्षण ते होतं, कारण सुळ्याचे थर कुठल्या दिशेने जातात हे कळल्याशिवाय करवत लावली तर तुकडा हातात सुटून येतो.

थरांचं जरा सांगते, मला यातच सगळ्यात जास्त मजा येते. सुळा म्हणजे एकात एक घातलेले शंकू असतात, आइस्क्रीमचे कोन एकावर एक रचले तर जसे दिसतील तसे नेमके, आणि प्राणी जिवंत असेपर्यंत मुळाशी रोज नवीन थर चढत जातो. सगळ्यात जुना भाग टोकाला, शेवटच्या दिवसाचा भाग मुळाशी. यामुळे सुळा म्हणजे त्या प्राण्याच्या आयुष्याची नोंदवहीच. फेअरबँक्सच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी एक सुळा लांबीत मधोमध कापून त्यातल्या रसायनांवरून तो मॅमथ कुठे कुठे फिरला हे काढलं, २०२१ साली ते प्रसिद्ध झालं, १७ हजार वर्षांपूर्वीचा नर, २८ वर्षं जगला, आणि तेवढ्यात पृथ्वीला जवळपास दोन फेऱ्या होतील इतकं चालला. शेवटी उत्तरेला उपासमारीने मेला हेही सुळ्याच्या मुळाशी दिसलं. हे वाचल्यापासून मी मुळाकडचा तुकडा आला की जरा जपूनच हाताळते.

पण हेच थर कोरणाऱ्याची परीक्षा घेतात. हजारो वर्षं गोठलेला ओला सुळा बाहेर काढून हीटरजवळ ठेवला तर काही दिवसात त्याचे पापुद्रे सुटतात, उभ्या भेगा पडतात आणि चांगला माल चिपाडासारखा होतो. वाळवायचा तो फार हळू. टोकांना मेण लावायचं म्हणजे तिथून पाणी भसकन निघून जात नाही, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचा, अधूनमधून पिशवी उघडून हवा द्यायची, थंड जागी, आणि मोठा तुकडा असेल तर वर्ष, दोन वर्षं विसरून जायचं. घाई असलेल्या माणसाने या धंद्यात पडू नये, किंवा मग आधीच वाळलेला माल जास्त पैसे देऊन घ्यावा, मी सुरुवात तशीच केली. बारीक भेगांमध्ये पातळ सायनोअॅक्रिलेट गोंद, म्हणजे सुपरग्लू, सोडतात, तो आत ओढला जातो आणि थर धरून ठेवतो, आणि रुंद भेग असेल तर त्याच सुळ्याची पावडर गोंदात मिसळून भरतात. हे केलं असेल तर विकताना सांगायचं. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण न सांगणं बरोबर नाही.

हत्यारं म्हणाल तर फार नाहीत. सोनाराची बारीक करवत, कानशी दोन-तीन आकाराच्या, लवचिक दांड्याची मोटर आणि तिला लावायचे छोटे बर, म्हणजे कोरायची फिरती टोकं, एक छोटं ड्रिल. मोठा सुळा कापायला बँडसॉ लागते पण ती मी दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन वापरते. आयव्हरी फार कडक नसते, कानस तिला छान लागते, दगडापेक्षा कितीतरी मऊ, पण लाकडासारखी तिच्यात सुरी घुसत नाही, ती सुरीने खरवडली जाते, आणि खरवडल्यावर मागे जो पृष्ठभाग राहतो तो इतका सुरेख असतो की कधीकधी पॉलिश पेपर लावायची गरजच पडत नाही.

धुळीबद्दल मात्र मी कळकळीने सांगते. आयव्हरीची धूळ अतिशय बारीक असते, पिठासारखी हवेत तरंगत राहते, आणि ती फुप्फुसात जाऊन बसते. कापडी मास्क अजिबात चालत नाही, तोंडावर घट्ट बसणारा फिल्टरवाला रेस्पिरेटर हवा, मागे धूळ ओढणारा पंखा हवा, आणि जिथे जमेल तिथे ओलं काम करायचं. आजोबांच्या पिढीतले कितीतरी जण बंद खोलीत मास्कशिवाय आयुष्यभर कोरत बसले आणि आता खोकतात. मुलं घरात असतील तर काम झाल्यावर कपडे बदलून मगच घरात जायचं. आणि मोटर जोरात दाबायची नाही, कारण गरम झालं की आयव्हरी करपते, डाग पडतो आणि तो वास येतो, दाताच्या डॉक्टरकडे ड्रिल लावल्यावर येतो तोच वास, कारण पदार्थ तोच आहे.

कोरताना मी काय बनवायचं हे आधी ठरवत नाही, किंवा ठरवलं तरी ते फारसं टिकत नाही. तुकड्यात रंगाची एक पट्टी असते, एका कडेला सुळ्याची साल असते, ती साल खरबरीत, तपकिरी-निळी, आणि खरं तर तुकड्याचं सगळं वय त्या सालीत दिसतं. पहिल्यांदा सगळे साल घासून पांढरंशुभ्र करायला जातात. मला वाटतं साल ठेवावी. एका बाजूला साल, दुसऱ्या बाजूला आरशासारखं पॉलिश, असं पेंडंट गळ्यात घातलं की सांगावं लागत नाही ते काय आहे. पॉलिशला २२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करायची, मग ३२०, ४००, ६००, पुढे हजार, दीड हजार, प्रत्येक वेळी आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढच्यावर जायचं नाही, आणि शेवटी कापडी चाकावर अगदी हलक्या हाताने. इथेच लोक कंटाळतात. मला या टप्प्यावर फार शांत वाटतं, रेडिओ लावते आणि घासत बसते, आणि मग एका क्षणी ओलावा पुसला की आतले थर दिसायला लागतात.

रेघांचं काम, म्हणजे सुईने चित्र खरवडून त्यात शाई भरायची ती पद्धत, स्क्रिमशॉ, ती मी थोडी शिकलेय पण विकत नाही अजून. देवमासे पकडणाऱ्या जहाजांवरचे खलाशी एकोणिसाव्या शतकात हे करायचे आणि त्यांच्याकडून ते बेरिंगच्या किनाऱ्यावर आलं, अर्थात तिथले लोक त्याआधी हजारो वर्षं आयव्हरीवर चित्रं कोरतच होते, ड्रिलच्या धनुष्यावर अख्ख्या शिकारीची गोष्ट रेघारेघांनी काढलेली असते. अलास्कातल्या नोम गावचा अंगोकवाझुक, ज्याला सगळे हॅपी जॅक म्हणायचे, त्याने या दोन्हीची सांगड घातली, सोन्यासाठी आलेल्या गर्दीला विकायला क्रिबेज या पत्त्यांच्या खेळाचे गुण मोजायचे पट आणि फोटोइतकी बारीक चित्रं तो सुळ्यावर काढायचा. १९१८ च्या फ्लूच्या साथीत तो गेला. आज अलास्काच्या दुकानांत दिसणाऱ्या कोरकामावर त्याची छाप आहे असं मला कायम जाणवतं. जुनं काम बघायचं असेल तर अँकरेज म्युझियममध्ये स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेचा आर्क्टिक विभाग आहे, २०१० पासून, तिथे हार्पूनचे, म्हणजे समुद्री शिकारीच्या भाल्याचे, तुकडे आणि त्याला लावायची पंखांच्या आकाराची वजनं बघा, सगळी हाताने, दगडी आणि थोड्याशा लोखंडी हत्याराने केलेली. त्या वक्ररेषा बघितल्या की आपण मोटर लावून काय करतोय असं वाटत नाही, उलट आपणही याच कामाच्या शेपटाला धरून आहोत याचा आनंद होतो.

दागिना करताना एक गोष्ट लक्षात ठेवायची, आयव्हरी हलते. हवा कोरडी झाली की आकसते, दमट झाली की फुगते, अगदी थोडी पण हलते. त्यामुळे चांदीचं कोंदण हिऱ्याला करतात तसं करकचून बसवायचं नाही, केसभर जागा सोडायची. सगळं सोल्डरिंग आधी उरकायचं, चांदी थंड करायची, साफ करायची, आणि आयव्हरी सगळ्यात शेवटी बसवायची, कारण टॉर्चची आच तिला सहन होत नाही आणि चांदी साफ करायचं आम्ल तर तिला खाऊनच टाकतं. भोक पाडताना थरांच्या कडेपासून लांब पाडायचं. कानातल्यांची जोडी करायची तर एकाच तुकड्याचे शेजारशेजारचे दोन काप घ्यायचे, मग पुस्तक उघडल्यासारखी दोन्हीकडे एकमेकांची प्रतिमा येते. अशा जोड्या लोक लगेच उचलतात, आणि हलक्याही होतात, दिवसभर कानात असल्याचं जाणवत नाही.

विकायला सुरुवात करणं कागदोपत्री सोपं आहे. अलास्कात धंद्याचं लायसन्स वर्षाला ५० डॉलर, राज्याचा विक्रीकर नाही आणि अँकरेज शहराचाही नाही, त्यामुळे हिशोब सरळ. उन्हाळ्यात, मे ते सप्टेंबर, क्रूझवाले आणि बाकीचे पर्यटक येतात आणि वर्षाची बरीचशी विक्री तेवढ्यात होते. हिवाळ्यात बनवायचं. मोठ्या हस्तकला साइटवर सगळीच आयव्हरी बंद आहे, मॅमथ आणि जुना वॉलरससुद्धा, त्यामुळे ऑनलाइन म्हणजे स्वतःचं पान आणि ओळखीतून येणाऱ्या ऑर्डरी. मला याचा राग येत नाही. हत्तीची आयव्हरी मॅमथ म्हणून खपवणारे लोक जगात आहेत आणि लहान दागिन्यात फरक ओळखणं खरोखर कठीण आहे.

मोठ्या तुकड्यात मात्र ओळखता येतो. सुळा आडवा कापला की पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते, त्यांना श्रेगर रेषा म्हणतात. सालीजवळच्या भागात त्या रेषांमधला कोन मोजायचा, मॅमथमध्ये तो नव्वद अंशांपेक्षा कमी येतो, हत्तीमध्ये साधारण एकशे पंधराच्या वर. अमेरिकेच्या वन्यजीव खात्याची ओरेगनमध्ये अॅशलंडला फॉरेन्सिक लॅब आहे, तिथे ही पद्धत वापरतात. मी स्टॉलवर एक पॉलिश केलेला आडवा काप आणि भिंग ठेवलंय, जो विचारेल त्याला दाखवते. मुलं तर तासतास बघत बसतात. गरम सुई टोचून बघा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने फक्त दागिन्याला डाग पडतो.

आफ्रिकन हत्तीच्या आयव्हरीवर अमेरिकेत ६ जुलै २०१६ पासून जवळपास पूर्ण बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. काही राज्यांनी पुढे जाऊन मॅमथही त्यात घेतलाय, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, हवाई. तिथल्या पत्त्यावर मी काहीही पाठवत नाही. तिथून आलेला पर्यटक स्टॉलवर उभा असेल तर घेण्याआधी सांगते, घरी नेऊन नंतर विकता येणार नाही, नियम वाचा आणि मग ठरवा. अशी गिऱ्हाइकं बऱ्याचदा जातात, जाऊ देत. वॉलरसच्या वस्तूंना कॅनडातून जाताना परवाना लागतो, क्रूझ कॅनडाच्या बंदरात थांबत असली तरी, आणि हे अर्ध्या विक्रेत्यांनी सांगितलेलंच नसतं. वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या जिनिव्हाच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मॅमथलाही संरक्षित यादीत टाकायचा प्रस्ताव इस्रायलने मांडला होता, म्हणजे नामशेष प्राण्याला, हत्तीला वाचवण्यासाठी. तो मागे घेतला गेला. पुन्हा आला आणि मंजूर झाला तर मी त्याच्या बाजूने असेन, माझं काम कमी झालं तरी. भारतातल्या मैत्रिणी मागतात, त्यांना मी सरळ नाही म्हणते, आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद आहे आणि विमानतळावर उभं राहून कस्टमच्या माणसाला श्रेगर रेषा समजावत बसायची वेळ कुणावर यायला नको.

आणखी एक, मी माझ्या वस्तूंवर अलास्कातली हस्तकला असं लिहिते पण कुठेही युपिक किंवा नेटिव्ह डिझाइन असं लिहीत नाही, त्यांचे चेहरे, त्यांचे आत्मे, त्यांचे नक्षीचे नमुने वापरत नाही. १९९० च्या कायद्याप्रमाणे मूळ रहिवाशांची कला म्हणून खोटं विकणं गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी मी केलं नसतं. स्टॉलवर कुणी विचारलं की अस्सल नेटिव्ह कोरकाम कुठे मिळेल तर मी त्यांना सिल्व्हर हँडचा शिक्का, म्हणजे वस्तू मूळ रहिवाशानेच केल्याची खूण, बघायला सांगते, आणि ऑक्टोबरात अलास्का फेडरेशन ऑफ नेटिव्ह्जचं अधिवेशन असतं तिथल्या कला बाजारात पाठवते. तिथे स्वतः कोरणारा माणूस समोर बसलेला असतो, त्याच्याशी बोला, त्याच्याकडून घ्या.

किमतीचं लोक नेहमी विचारतात. मी माल, चांदी आणि तास असा हिशोब लावते आणि वाळवण्याच्या वर्षांचे पैसे धरत नाही, ते कुणी देणारही नाही. साध्या कानातल्यांची जोडी ५०-६० डॉलरला जाते, निळी साल असलेलं पेंडंट जास्त. प्रत्येक वस्तूसोबत एक कार्ड देते, त्यावर प्राणी कोणता, कुठल्या भागात सापडला, भेग भरली आहे का, गोंद वापरलाय का, आणि कसं सांभाळायचं. सांभाळायचं म्हणजे आंघोळीला जाताना काढून ठेवा, परफ्यूम आधी मारा मग घाला, व्हिनेगर किंवा लिंबाने चुकूनही पुसू नका, अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकू नका, हीटरजवळ किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मऊ कापड आणि कधीतरी एक थेंब खनिज तेल पुरे. रोज घातलं तर अंगाच्या तेलानेच चमक येते.

सध्या एक मुळाकडचा तुकडा पिशवीत वाळतोय, एका खाजगी खाणीतून आलेला, आत जाडसर निळी रेघ आहे. आजोबांनी हातात घेऊन बघितला, वजन केलं, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत हात लावू नको म्हणाले. तोपर्यंत ढलप्यांचे छोटे कानातले करते आहे, सालवाले, आणि चांदीचं कोंदण अजून पातळ कसं करता येईल ते बघते आहे. ज्यांना शिकायचंय आणि जे अँकरेजच्या आसपास आहेत त्यांनी जरूर कळवा, रेस्पिरेटर मात्र आपापला आणायचा.